जोडटेबल

दिगंबरकाकांनी पंचपात्रीत झेंडूचं फूल बुडवलं, डोळे मिटले आणि चालू कॉम्प्युटरच्या डोक्यावर पाणी शिंपडलं.

"काका, निदान आधी बंद तरी करा," मी म्हटलं.

"म्यानातल्या तलवारीची पूजा करतं का कुणी? चालूच हवा," काका म्हणाले आणि त्यांनी फूल पुन्हा बुडवलं.

खंडेनवमी होती. त्या दिवशी ज्याने त्याने आपल्या हत्याराची पूजा करायची असते. सुतार करवतीची करतो, शिंपी मशीनची. काकांचं हत्यार कॉम्प्युटर. त्यांनी त्याला गंध लावलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि पुन्हा एकदा पाणी शिंपडलं. या खेपेला ते वरच्या जाळीतून सरळ आत गेलं. आतून चर्र असा आवाज आला आणि जळका वास सुटला.

"यंदाचा धूप जरा उग्रच आहे," काका म्हणाले.

मग पडदा काळा झाला. हा माणूस जन्मभर वीज खात्यात नोकरी करून पेन्शनीत निघालेला होता, हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

त्या डब्यात आमचं अख्खं कुळ होतं. सांगलीच्या आमच्या खारवाडकर कुलमंडळाने नवा कुलवृत्तांत काढायचा घाट घातला होता. मूळपुरुषापासून आजपर्यंत कुणाच्या पोटी कोण जन्मलं याचं जाडजूड पुस्तक. काका मंडळाचे चिटणीस, नात्याने माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटरचा एक क्लास केला, आणि त्या दिवसापासून कॉम्प्युटरमधलं दुसऱ्या कुणाला काही कळतं हे त्यांना मान्यच नव्हतं. मी तेव्हा एका साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात नोकरीला होते. हीच कामं रोज करत होते. पण मी पडले घरातली पोर. मला काकांनी 'माहिती भरायला' घेतलं होतं.

कुळाची मांडणी काकांची. दोन टेबलं, म्हणजे आडव्याउभ्या रकान्यांचे दोन मोठे तक्ते. एकाचं नाव 'पुरुष', दुसऱ्याचं 'स्त्रिया'. लेकी, सुना, आज्या, पणज्या, सगळ्या त्या दुसऱ्यात कोंबलेल्या.

"काका, माणसं एकाच टेबलात ठेवू या. सोपं जाईल," मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं.

"वैजू, पुरुष हे मुख्य टेबल. त्यावर कुळ उभं असतं. स्त्रिया हे जोडटेबल," काका म्हणाले होते. वर माझ्या पाठीवर थोपटलंही होतं.

ते जोडटेबल भरता भरता माझी काही वर्षं गेली. पुरुषांची नावं जुन्या पुस्तकात आयती छापलेली होती. बायकांच्या जागी एक तर 'सौ. रमा' असं काहीतरी, नाहीतर नुसती रेघ. मी बेळगाव, हुबळी, इचलकरंजीच्या म्हाताऱ्यांना फोन करायची. तुमच्या आजीचं माहेर कुठलं, तिला घरात काय म्हणायचे, तिची किती मुलं जगली. कुणी रडायच्या, कुणी हसायच्या, आणि बहुतेक जणी म्हणायच्या, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं गं. सुट्टीच्या दिवशी घरी लॅपटॉपवर हे सगळं मी भरायची आणि आठवड्याला ते एकच टेबल फाइलीत उतरवून काकांच्या कॉम्प्युटरवर नेऊन घालायची.

त्याच टेबलात अंबूआत्या होती.

अंबूआत्या ही माझ्या वडिलांची सख्खी मोठी बहीण. तरुणपणी तिने मिरजेच्या एका ड्रॉइंग मास्तरांशी लग्न केलं. दौलत ऐवळे त्यांचं नाव. जात वेगळी, आणि आमच्या लोकांच्या लेखी खालची. झालं. घराने तिचं नाव टाकलं. जुन्या कुलवृत्तांतात माझ्या आजोबांना 'तीन अपत्ये' असं छापलंय आणि खाली नावं दोघांचीच आहेत. पोरीला खोडलं, पण आकडा दुरुस्त करायचीही अक्कल कुणाला झाली नाही.

मी तिला विचारायला मिरजेला गेले होते. मास्तर जाऊन फार दिवस झाले नव्हते. आत्या पार वाकली होती, पण कान असे तल्लख, की खालून जिना चढणाऱ्याच्या चपलेवरून माणूस ओळखायची.

"घाल की माझं नाव," ती म्हणाली. "पण त्यांच्या नावासकट घाल. नुसती खारवाडकरांची अंबू म्हणून मी कुठे जाणार नाही. अर्धी येत नाही मी."

"मंडळातले कुरकुर करतील, आत्या."

"करू देत. मी त्यांच्या हिशेबी कधीच मेलेय, आता आणखी काय मारणार?" भिंतीवर मास्तरांनी काढलेलं कृष्णेच्या घाटाचं चित्र होतं, त्याकडे बघत राहिली. "हे असेपर्यंत आमच्यातल्या एकानेही त्यांना नावाने हाक मारली नाही गं. 'तो' म्हणायचे. 'अंबूचा तो.' एकदा त्या लोकांच्या तोंडून त्यांचं नाव ऐकायचंय मला. बाकी शाल, नारळ, फोटो, तुझ्या मंडळालाच लखलाभ."

मी ते मंडळासमोर ठेवलं. काकांनी आढेवेढे घेतले, घसा खाकरला आणि मन मोठं केल्याच्या थाटात होकार दिला. अट एकच, नवऱ्याचा रकाना रिकामा ठेवायचा. मी मान डोलावली आणि घरी येऊन रकाना भरला.

आणि आता तो डबा झेंडूच्या माळेखाली थंड पडला होता.

निर्मलाकाकू, म्हणजे काकांची बायको, प्रसादाची वाटी घेऊन पुढच्या खोलीत आल्या. मंडळाचं कार्यालय म्हणजे काकांच्या घरातली हीच खोली. "कसला वास येतोय हो?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. जरा बंद पडलाय. घाबरायचं कारण नाही, बॅकअप आहे," काका म्हणाले.

या बॅकअपचं कौतुक सांगायलाच हवं. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, की सगळी टेबलं जशीच्या तशी एका फाइलीत उतरतात. उद्या कॉम्प्युटर गेला तरी त्या फाइलीतून सगळं पुन्हा उभं करता येतं. काम मिनिटाभराचं, पण काकांनी त्याची पार सत्यनारायणाची पूजा करून टाकली होती. दर सोमवारी आंघोळ करून ते काळ्या पडद्यासमोर बसायचे. कुणी पाहुणा आला की त्याला शेजारी खुर्ची द्यायचे. माउसला हात लावायचा नाही, तो बायकापोरांसाठी असतो, असं सांगायचे. मग एकेक कळ शोधत ती ओळ टाइप करायचे, आणि पाहुणा बिचारा चहा थंड होईपर्यंत बघत बसायचा. आता या आज्ञेची रीत अशी, की काम नीट झालं की ती काहीच बोलत नाही. चूक झाली तरच बोलते. काकांना असला मुकेपणा आवडायचा नाही. म्हणून त्यांनी ती आज्ञा कायमची लिहून ठेवून तिच्याखाली एक ओळ जोडून घेतली होती: 'कुलदेवतेच्या कृपेने कुळ सुरक्षित'. काम होवो न होवो, पडद्यावर हे उमटायचंच. काका हात जोडायचे. ती फाइल उघडून आत काय आहे हे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी एकदा म्हटलं होतं, काका, दुसऱ्या कॉम्प्युटरवर घालून बघू. ते म्हणाले, देवाची परीक्षा घ्यायची नसते.

दसरा झाल्यावर नवा कॉम्प्युटर आला. काकांनी त्याच्यावर रिकामी टेबलं मांडली आणि काळ्या पडद्यावरून पेनड्राइव्हमधली ती बॅकअपची फाइल आत ओतली. मी शेजारी उभी होते. काकू दारात चहाचा ट्रे घेऊन.

"आलं सगळं," काका म्हणाले. "बघ वैजू, याला म्हणतात शिस्त. तुमच्या कारखान्यात असतं का असलं काही?"

"काका, तुमचं पान उघडा ना."

त्यांनी स्वतःचं नाव टाइप केलं. दिगंबर रामचंद्र खारवाडकर. वडील रामचंद्र. आईच्या रकान्यात काही नाही. पत्नीच्या रकान्यात काही नाही.

काकांनी चष्मा पुसला. मग वडिलांचं पान उघडलं. रामचंद्रांनाही आई नव्हती, बायको नव्हती. मग आजोबा. मग पणजोबा. काका वर वर चढत गेले आणि प्रत्येक पायरीवर एकेक एकटा पुरुष बसलेला. थेट मूळपुरुषापर्यंत, अडीचशे वर्षं, आमच्या कुळात पुरुषांनीच पुरुष प्रसवले होते.

"हे कसं झालं?" काका म्हणाले.

कसं झालं ते मला कळलं होतं. मी पुढे होऊन त्याच पेनड्राइव्हवर लिहून ठेवलेली ती सोमवारची आज्ञा उघडली. ओळीच्या शेवटी एक तुकडा होता, आणि तो हाताने टाइप करून घातलेला होता. त्याचा अर्थ एवढाच, की 'स्त्रिया' हे टेबल वगळ. अमुक एक टेबल सोडून बाकीचं उतरवून घ्यायची सोय असते त्या आज्ञेत. निरुपयोगी खोगीरभरती गाळायला ती दिलेली असते.

"काका, हे तुम्ही घातलंत?"

"हो, मग? ते टेबल किती वेळ खायचं. आणि बॅकअप कुळाचा घ्यायचा ना? लेकी लग्न होऊन परक्या कुळात जातात, त्यांची काळजी त्यांच्या सासरचे घेतील."

"आणि सुना?"

"त्या मूळच्या बाहेरच्याच."

हे ते अगदी शांतपणे म्हणाले. काकू ट्रे धरून उभ्या होत्या. मला आजवर काकांची कीव यायची, खरंच यायची. त्या क्षणी ती संपली आणि मला त्यांच्या त्या गंध लावलेल्या कपाळाकडे बघवेना.

काका घामाघूम झाले. पुस्तक दिवाळीनंतर छापायला जायचं होतं आणि पुढच्याच महिन्यात कुलसंमेलन होतं. त्यांनी जुना डबा उघडून बघितला, आत गंधाचे ओघळ वाळले होते. त्यांनी कुठल्या कुठल्या पेनड्राइव्ह शोधल्या. मी खुर्चीवर बसून चहा प्यायले. माझ्या लॅपटॉपमध्ये ते टेबल सबंध होतं, गेल्या शनिवारपर्यंतचं, एकूण एक बाई. पण मी लगेच सांगितलं नाही. शोधू दे म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस आपली आई शोधतोय.

शेवटी सांगितलं. काकांनी कपाळाला हात लावून कुलदेवीचं नाव घेतलं, माझं नाही.

"मग बसलीस काय अशी? घाल ती फाइल."

"घालते."

"थांब." ते माझ्याजवळ वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अनायासे नव्याने भरतोच आहोत तर ती एक भानगड निस्तरून टाक. अंबूची. तिच्या नवऱ्याचा रकाना तू भरला होतास, मी बघितलंय ते. तो रिकामा कर. नाव राहू दे तिचं, आपण काही कोत्या मनाचे नाही."

"ती म्हणाली होती, अर्धी येत नाही."

"तिला विचारतोय कोण? अगं, पुस्तक घरोघर जाणार. लोक आपल्या पोरींसाठी स्थळं बघताना ते उघडतात. त्यात ऐवळे? कळतंय का तुला?"

"कळतंय. टेबल एकच आहे काका. आलं तर सगळं येईल, जसं आहे तसं. नाहीतर राहू द्या. तुमचं मुख्य टेबल आहेच की उभं."

मी लॅपटॉप मिटला आणि पिशवीत घातला. फाइल मंडळाच्या मालकीची आहे, तुझ्या बापाला सांगतो, आजकालच्या पोरी माजल्यात, असं बरंच काही काका बोलले. मी चपला घालत होते. एवढ्यात काकूंनी ट्रे खाली ठेवला आणि त्या कॉम्प्युटरजवळ गेल्या. पडद्यावर काकांचंच पान उघडं होतं. काकूंनी पदराने चष्मा पुसला आणि सगळ्यात खालचा शब्द वाचला.

"निर्वंश," त्या म्हणाल्या. "हे काय लिहिलंय?"

ते काकांनीच बसवलेलं होतं. ज्याच्या नावापुढे अपत्य सापडणार नाही, त्याच्या पानावर तो शब्द आपोआप उमटावा अशी व्यवस्था. जुन्या पुस्तकातली पद्धतच तशी, असं त्यांचं म्हणणं. काकांना तीन मुली. तिघीही जोडटेबलात.

"अगं, ते मशीन करतं आपोआप," काका म्हणाले.

"तुम्हाला निर्वंश म्हणतंय मशीन."

"तात्पुरतं आहे ते."

"मी तीन बाळंतपणं केली," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळीच चढलेला नव्हता. "धाकटीच्या वेळी मरता मरता वाचले. तुम्ही दारात येऊन पुन्हा मुलगीच का म्हणालात आणि निघून गेलात. तेव्हा मी काही बोलले नाही. तुमच्या आईने सोवळ्याओवळ्यात माझा जीव घेतला, तेव्हाही नाही. पण त्या बाईला सुद्धा पुसलंत तुम्ही? तुमच्या जन्मदात्या आईला? मग तुम्ही आलात कुठून, आभाळातून पडलात?"

काकूंनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, लॅपटॉप बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला.

"वैजू, घाल गं. जसं आहे तसं. अंबूवन्सं आणि त्यांचे मास्तर, सगळे. आणि तुम्ही," त्या काकांकडे वळल्या, "त्यात एका अक्षराला हात लावलात तर या घरात चहासुद्धा मिळणार नाही तुम्हाला. मशीनलाच सांगा मग आपोआप करायला."

मी काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली. ती काही बोलली नाही. काकांच्या पानावर आई आली, बायको आली, मुली आल्या. निर्वंश गेला. आत्याच्या पानावर मास्तर आले. छापखान्यात फाइल मी स्वतः नेऊन दिली.

संमेलन सांगलीतच एका मंगल कार्यालयात झालं. काकांनी भाषणात बॅकअपचा महिमा सांगितला. एवढं मोठं संकट आलं, पण शिस्तीमुळे कुळ वाचलं, असं म्हणाले. अध्यक्षांनी त्यासाठी त्यांना शाल दिली, आणि ती त्यांनी घेतली. मी आत्याला मिरजेहून रिक्षाने आणलं होतं. ती मधल्या ओळीत काठी धरून बसली होती. पुस्तक तिने हातात घेतलं, आपलं पान बघितलं आणि मिटून मांडीवर ठेवलं.

मग ज्येष्ठांचा सत्कार. हयात असलेल्यांत सर्वांत वडील कोण, हे यंदा कॉम्प्युटर सांगणार, अशी काकांनी फुशारकी मारून ठेवली होती. आजवर हा मान पुरुषांनाच मिळत आलेला. पण कॉम्प्युटरला दोन्ही टेबलं बघायला मीच शिकवलं होतं. काकांनी कळ दाबली. मोठ्या पडद्यावर नाव उमटलं, सबंध. खाली कुजबूज सुरू झाली.

पडदा माझ्या ताब्यात होता, पण तोंड काकांचं स्वतःचं होतं. त्यांनी माइक जवळ घेतला.

"अंबिका गोविंद खारवाडकर," ते म्हणाले.

गोविंद म्हणजे माझे आजोबा. आत्या हलली नाही.

"आत्या, तुलाच बोलावताहेत," मी म्हटलं.

"अशी कुणी बाई इथे बसलेली नाही," ती म्हणाली. हळू बोलली नाही ती. पुढच्या तीन ओळी मागे वळल्या.

काकांनी पुन्हा तेच नाव घेतलं. आत्या समोर बघत राहिली. शाल घेतलेली बाई स्टेजवर ताटकळत होती, सनईवाल्याने वाजवायला सुरुवात केली आणि थांबवली. सगळं कार्यालय पडद्यावरचं नाव वाचत होतं आणि काका काय वाचतात ते बघत होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. पहिल्या ओळीत काकू बसल्या होत्या. त्या नुसत्या उठून उभ्या राहिल्या.

काकांनी ओठ ओले केले.

"अंबिका," ते म्हणाले, आणि थांबले. मग एका दमात म्हणून टाकलं. "अंबिका दौलत ऐवळे."

आत्या उठली. मी आधार द्यायला गेले तर माझा हात तिने बाजूला केला. काठी टेकत ती पायऱ्या चढली, शाल घेतलेल्या बाईला ओलांडून सरळ काकांपुढे जाऊन उभी राहिली. काकांनी कसंनुसं हसून नारळ पुढे केला.

तिने नारळ घेतला नाही. कानामागे हात धरला.

"दिगू, परत एकदा म्हण बाबा," ती म्हणाली. "हल्ली मला ऐकू कमी येतं."